आग्र्याला मुक्काम हवा

उत्तर भारताच्या सहलीचे कुठलेही वेळापत्रक उघडून पाहा. दिल्ली दोन रात्री, जयपूर दोन रात्री, हरिद्वार एक, मथुरा-वृंदावन एक. आग्र्यापुढे मात्र रात्रीचा आकडा बहुतेक वेळा नसतोच. भल्या पहाटे दिल्लीहून बस सुटते, साडेदहा-अकराला मंडळी ताजमहालाच्या रांगेत उभी राहतात, जेवण होते, मग धावतपळत किल्ला, मग संगमरवराच्या एखाद्या ‘कारखान्याला भेट’, जाता जाता पेठ्याचे डबे, आणि अंधार पडायच्या आत गाडी मथुरेच्या रस्त्याला लागलेली असते. घरी आल्यावर कुणी विचारले तर उत्तर ठरलेले: ताज सुंदर, गाव घाणेरडे, अर्धा दिवस पुरे.

हे मत आता इतके रुळले आहे की ते तपासून बघावे असेही कुणाला वाटत नाही. मला ते साफ चुकीचे वाटते. आग्र्याला किमान दोन रात्री राहिलेच पाहिजे. जास्त ठिकाणे बघून होतील हे त्याचे सर्वांत छोटे कारण आहे. आपण किती वेळ थांबतो यावर तिथल्या माणसांची मिळकत ठरते, आणि त्यातला पैसा कोणाच्या खिशात जातो हेही ठरते. मराठी माणसाचे या शहराशी जे नाते आहे, ते तर अर्ध्या दिवसात वाटेत भेटतसुद्धा नाही.

आधी हा अर्धा दिवस आला कुठून ते पाहू. ऑगस्ट 2012 मध्ये ग्रेटर नोएडा ते आग्रा हा 165 किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग खुला झाला. एप्रिल 2016 मध्ये गतिमान एक्स्प्रेस सुरू झाली, ताशी 160 किलोमीटर वेगाने निजामुद्दीनहून शंभर मिनिटांत आग्रा कँट. सकाळी न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची, असेच तिचे वेळापत्रक. रस्ता चांगला झाला, गाडी वेगवान झाली, यात वाईट काहीच नाही. पण येणे सोपे झाले तसे निघून जाणेही सोपे झाले, आणि ज्यांना पूर्वी नाइलाजाने का होईना एक रात्र काढावी लागत होती, तेही दिल्लीच्या हॉटेलातून येऊ लागले. 2018 पासून ताजच्या तिकिटाला तीन तासांची मर्यादा आली. गर्दी आवरण्यासाठी ती हवीच होती. तिचा अर्थ मात्र लोकांनी असा घेतला की आग्र्यालाच तीन तास लागतात.

पथकराचा प्रकार तर आणखी उलटा आहे. ताजच्या तिकिटात आग्रा विकास प्राधिकरणाचा पथकर असतो. भारतीयाच्या पन्नास रुपयांत दहा, परदेशी पाहुण्याच्या अकराशेत पाचशे. हा पथकर एकदा भरला की त्याच दिवशी इतर स्मारकांवर तो पुन्हा द्यावा लागत नाही. म्हणजे ज्याने एका दिवसात सगळे उरकले त्याला सवलत, आणि जो सावकाश, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाकीचे बघेल त्याच्यावर पुन्हा आकारणी. शहराची तिजोरीच पाहुण्याला म्हणते आहे, लवकर आटपा.

आता ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, तो ताज तरी या घाईत नीट दिसतो का? सूर्योदयाच्या अर्धा तास आधी दरवाजे उघडतात आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतात. दिल्लीची बस पोचते ती अकराच्या सुमारास, उन्हाने संगमरवर डोळ्यांना टोचत असतो आणि गर्दी सर्वांत दाट असते त्या वेळी. मुख्य मकबऱ्यात जायचे दोनशे रुपये वेगळे भरले, तरी आत ढकलाढकलीत कबरींच्या जाळीजवळ उभे राहायला मिळते ते काही क्षण. डिसेंबर-जानेवारीत धुके असले तर दुपारपर्यंत घुमटाचा पत्ता नसतो, आणि ज्याची गाडी ठरलेल्या वेळेला सुटणार तो तसाच परत जातो. शुक्रवारी ताज बंद असतो हे दिल्लीला पोचल्यावर कळलेली कुटुंबे दरवर्षी सापडतात. मुक्कामाला असलेल्या माणसाला यातले काहीच बाधत नाही. आज धुके असेल तर उद्या.

याहून महत्त्वाची गोष्ट ताजच्या आराखड्यात आहे. दिल्लीचा हुमायूनचा मकबरा आठवा, तो बागेच्या मधोमध आहे. ताज मात्र बागेच्या अगदी टोकाला, नदीच्या काठावर बांधला. तसे का, हे दक्षिणेकडच्या प्रवेशद्वारातून कळतच नाही. पलीकडच्या तीरावर, बरोबर त्याच अक्षावर मेहताब बाग आहे, आणि उत्खननात तिथे अष्टकोनी हौद सापडला. दोन्ही बागा धरल्या म्हणजे मकबरा पुन्हा मध्यभागी येतो आणि यमुना त्या रचनेचाच भाग होऊन जाते. ऑस्ट्रियाच्या इतिहासकार एबा कोख यांनी मुघल आग्र्याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिले की हे सगळे शहरच नदीच्या दोन्ही काठांवर बागा आणि हवेल्यांच्या रांगांनी वसवले होते. श्रीमंतांच्या हवेल्यांची तोंडे पाण्याकडे, येणे-जाणे नावेने. त्यामुळे फक्त दक्षिण बाजूने ताज बघून परतणारा माणूस अर्धाच आराखडा बघून परततो. उरलेला अर्धा बघायला संध्याकाळी पलीकडे जावे लागते, आणि त्या वेळी बस मथुरेच्या वाटेवर असते.

पलीकडच्या तीरावरच नूरजहानने आपल्या वडिलांसाठी, मिर्झा घियास बेग यांच्यासाठी बांधलेला मकबरा आहे, 1622 ते 1628 या काळातला. इतिमाद-उद-दौला ही त्यांची पदवी, तेच वास्तूचे नाव. मुमताज ही त्यांची नात. लाल दगडाकडून पांढऱ्या संगमरवराकडे मुघल बांधकाम कसे वळले ते इथे समोर दिसते, आणि ताजमध्ये जी पच्चीकारी आहे ती आधी इथल्या भिंतींवर आली. सुरया, फुलदाण्या, सरूची झाडे, फळे, सगळे रंगीत दगडांत कोरून बसवलेले, आणि तेही हाताच्या अंतरावर. दोन्हींपैकी कुठे जास्त वेळ बसावे असे मला कोणी विचारले तर मी इतिमाद-उद-दौला सांगेन, कारण तिथे बसता येते. पुढे गेले की चिनी का रौजा आहे, त्याहून पुढे बाबराच्या काळातली आराम बाग आहे. बसवाल्यांच्या यादीत यातले काही नसते, कारण यमुनेच्या पुलावरच्या रहदारीत त्यांचा दीड तास जाईल.

मराठी वाचकाशी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. शाहजहान आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत जानेवारी 1666 मध्ये वारला. बाप जिवंत असेपर्यंत औरंगजेबाने आग्र्यात दरबार भरवला नव्हता. तो गेल्यावर आला. आणि त्याच वर्षी 12 मे रोजी, औरंगजेबाच्या चांद्रवर्षांप्रमाणे पन्नासाव्या वाढदिवसाच्या दरबारात, शिवाजी महाराज त्याच्यासमोर उभे राहिले. ताजमहालाचा परिसर पुरा होऊन तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. दरबारातला अपमान, महाराजांचा उघड संताप, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंह याच्या तळाजवळचा मुक्काम, भोवती पहारा, आणि 17 ऑगस्टची सुटका. तीन महिन्यांहून जास्त काळ. ही हकिगत आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. पण तो दरबार कुठे भरला, नदी कुठल्या बाजूला होती, रामसिंहाचा तळ शहराबाहेर म्हणजे साधारण कुठे, किल्ल्यापासून तो किती लांब, हे जागेवर उभे राहून समजून घेतलेली माणसे मला फार थोडी भेटली. आज किल्ल्याबाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आपल्या बसेस तिथे थांबतात, घोषणा होतात, छायाचित्रे निघतात, गाडी पुढे जाते.

एवढ्यावर आग्र्यातला मराठी इतिहास संपत नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी महादजी शिंद्यांनी आग्रा घेतले, आणि 1803 च्या ऑक्टोबरात इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने जिंकेपर्यंत किल्ला शिंद्यांकडे होता. तिथला त्यांचा किल्लेदार जॉन हेसिंग नावाचा डच होता. त्याच वर्षी जुलैमध्ये तो वारला. त्याच्या पत्नीने, ॲनने, शहरातल्या रोमन कॅथलिक दफनभूमीत त्याचे थडगे बांधले ते थेट ताजच्या घाटाचे, पण लहान आणि संपूर्ण लाल वालुकाश्मात. ताजसारखे उंच मिनार नाहीत. चौथरा, कमानी, घुमट मात्र तसेच. त्यावरच्या लेखात दौलतराव शिंद्यांच्या चाकरीचा उल्लेख आहे. मराठी सत्तेच्या सेवेतल्या माणसासाठी उत्तरेत बांधलेली इतकी देखणी वास्तू दुसरी सांगणे कठीण, आणि तिथे मराठी पर्यटक जवळजवळ जातच नाही.

संगीताचेही तसेच. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ जन्मले आग्र्याजवळच्या सिकंदऱ्याला. विलायत हुसेन खाँ मुंबईला आले, त्यांच्याकडून जगन्नाथबुवा पुरोहित शिकले, आणि बुवांकडून राम मराठे, चिं. रा. व्यास, जितेंद्र अभिषेकी. ज्यांच्या घरात अभिषेकीबुवांच्या ध्वनिफिती जिवापाड जपलेल्या असतात, त्यांनाही आग्रा म्हटले की पेठाच आठवावा, याचे मला वाईट वाटते.

आता पैशाचा प्रश्न. ताज बांधला तेव्हा दक्षिणेला लागूनच चार कटरे, म्हणजे बाजारवस्त्या, वसवले होते, उमर खान, फुलेल, रेशम आणि जोगीदास. आजचे ताजगंज ते हेच. ही नावे अजून चालू आहेत, गल्ल्या अजून वसलेल्या आहेत. काही गावांचा महसूल आणि या बाजारपेठेचे उत्पन्न मकबऱ्याच्या देखभालीला लावून दिले होते. येणाऱ्याने सराईत उतरावे, बाजारात खर्च करावा, त्यातून मकबरा सांभाळला जावा, अशी ती बांधणी होती. मुक्काम हा त्या योजनेचा पायाच होता. चारशे वर्षांच्या आतच आपण तो काढून टाकला.

आणि या शहराने ताजसाठी किती सोसले आहे! मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना 1982 मध्ये सुरू झाला, हवेचा प्रश्न ऐरणीवर आला, पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता न्यायालयात गेले, आणि 30 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 292 कारखान्यांना कोळसा-कोक सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर इथून हला, असा आदेश दिला. ताजभोवती 10,400 चौरस किलोमीटरचा पट्टा संरक्षित झाला. निकाल योग्यच होता. दगड काळवंडू लागला होता. पण त्याची किंमत ओतकामाच्या भट्ट्यांतल्या कामगारांनी मोजली, पेठा करणाऱ्यांना कोळशाच्या भट्ट्या बदलाव्या लागल्या, नवा उद्योग टाकणे अवघड होऊन बसले. ज्या शहराला धुराडी लावायला बंदी आहे, त्याच्या हातात पाहुण्यांशिवाय उरते काय? आणि तो पाहुणा संध्याकाळी पाचला निघून जातो. राहण्याचे पैसे दिल्लीला, रात्रीचे जेवण दिल्लीला किंवा मथुरेला, आग्र्याला उरते दुपारची थाळी आणि रस्त्यावरची कोंडी.

घाईचा फायदा होतो तो दलालांना. आग्र्यात त्यांना ‘लपके’ म्हणतात. स्टेशनवर, वाहनतळावर, दरवाजापाशी ते माणसाला गाठतात. ज्याच्याकडे वेळ नाही त्याला चौकशी करता येत नाही, आणि तिथेच दलाली पिकते. गाडीवाला नेईल त्या दुकानात जायचे, दाखवतील ते बघायचे, वीस मिनिटांत घ्यायचे किंवा सोडायचे. किमतीतला मोठा वाटा आणणाऱ्याचा. बस वाट बघत असताना संगमरवर म्हणून सोपस्टोन गळ्यात मारणे सोपे असते. दगड नखाने खरवडला जातो का, मागून विजेरी धरल्यावर उजेड आरपार झिरपतो का, एवढी साधी परीक्षा करायलाही फुरसत लागते.

तेच ताजगंजच्या किंवा गोकुळपुऱ्याच्या गल्लीत एखाद्या कारागिराच्या ओसरीवर सकाळी जाऊन बसा. तो संगमरवराच्या तुकड्यावर आधी लाल रंग फासतो, म्हणजे त्यावर ओढलेली रेघ पांढरी उठून दिसते. मग त्या रेघेच्या आत बारीक छिन्नीने खाच पाडतो. दुसरा कुरुंदाचे चाक हाताने फिरवत अकीक, लाजवर्द, फिरोजा यांचे पातळ काप घासत बसलेला असतो, आणि दर थोड्या वेळाने काप खाचेत टेकवून बघतो. बसला नाही तर पुन्हा चाकावर. नखाएवढ्या पाकळीला असा कितीतरी वेळ जातो. एका फुलात असे कितीतरी तुकडे. हे अर्धा तास पाहिलेला माणूस दुपारी ताजमध्ये गेला की त्याचा हात आपोआप भिंतीपासून मागे येतो. आणि त्याने त्या ओसरीवरून एखादी लहानशी डबी जरी घेतली, तरी तिचे पैसे ज्याने घासली त्यालाच मिळतात. दोन रात्री राहणारा माणूस फार उदार असतो असे नाही; त्याच्याकडे वेळ असतो, आणि दलालाची गरज तेवढ्यानेच संपते.

‘मुक्काम करा’ म्हटल्यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि ते खोटे नाहीत. यमुना आटलेली आणि घाण आहे. तिच्या पाण्यात पोसलेल्या किड्यांनी ताजच्या उत्तरेकडच्या भिंतीवर हिरवट काळे डाग पाडल्याचे 2016 मध्ये गाजले होते. मे-जूनमधला उन्हाळा जीवघेणा असतो, त्या दिवसांत मुलाबाळांना घेऊन तिथे राहा असे मी सांगणार नाही. नोव्हेंबरातली हवा छातीला त्रास देते. फेब्रुवारी-मार्च हे दिवस बरे, पावसाळा संपल्यावरचा ऑक्टोबरही. स्वच्छतेबद्दल म्हणाल तर ज्या शहरात सगळेजण फक्त दुपार काढतात, त्या शहराची सकाळ-संध्याकाळ नीटनेटकी ठेवावी असा दबाव तरी कोण आणणार? राहणारा पाहुणा तक्रार करतो, पुन्हा येतो, ओळखीच्यांना सांगतो. जाणारा फक्त नाक मुरडतो.

रात्री करायचे काय, हाही प्रश्न खरा आहे. ताज रात्री बंद असतो. पौर्णिमा आणि तिच्या आधीचे व नंतरचे दोन दोन दिवस असा महिन्यातून पाच रात्री तो दाखवतात, शुक्रवार आणि रमजान सोडून. एका तुकडीत पन्नास माणसे, एका रात्री चारशे, प्रत्येकाला अर्धा तास, आणि आधी आरक्षण. ज्याला जमेल त्याने पौर्णिमा धरूनच बेत आखावा. बाकी रात्रींसाठी आग्र्याकडे फारसे काही नाही, हे मान्य. शहराने इथे काहीतरी करायला हवे. ज्या गावाचे नाव एका घराण्याला आहे तिथे रोज संध्याकाळी तासभर गाणे ऐकायला मिळू नये? गालिब इथे जन्मला, नजीर अकबराबादी ताजगंजातच राहिला आणि तिथेच पुरला गेला. होळी, पतंग, भाकरी यांवर कविता लिहिणाऱ्या या माणसाला ऐकायला भाषेची फारशी अडचण येणार नाही. साहित्य आहे, गाणे आहे. ऐकणारे रात्री गावात नाहीत.

व्हेनिसने याच प्रश्नावर वेगळा उपाय केला. 2024 मध्ये गर्दीचे 29 दिवस ठरवून फक्त दिवसापुरते येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेतले. रात्री राहणाऱ्यांना त्यातून सूट होती. तेवढ्याने तिथली गर्दी आटोक्यात आली असे कुणी म्हणणार नाही, पण धोरणाची दिशा स्पष्ट होती: राहणारा आणि पळणारा हे शहराला सारखे नाहीत. आग्र्याने दंड लावू नये, आपल्या देशात तो गरीब यात्रेकरूच्याच डोक्यावर बसेल. पथकर तीन दिवस चालेल असा करावा, एवढेच आधी करावे. नुकसान नगण्य आहे.

आणि आपल्या सहल कंपन्यांनी वेळापत्रकात आग्र्यापुढे ‘दोन रात्री’ लिहावे. पहिल्या दुपारी पोचून संध्याकाळी मेहताब बाग. दुसऱ्या दिवशी उजाडताच ताज, मग ताजगंज, दुपारी विश्रांती, नंतर किल्ला आणि तो घाईघाईने नाही. तिसऱ्या दिवशी इतिमाद-उद-दौला आणि हेसिंगचे थडगे. फतेहपूर सिक्री जवळजवळ चाळीस किलोमीटरवर आहे. तिसरी रात्र असेल तरच तिकडे जावे. अकबराने वसवलेल्या राजधानीची दीड तासात बोळवण करण्यापेक्षा ती पुढच्या खेपेला ठेवलेली बरी.

महाराष्ट्र सरकारने आग्र्यात महाराजांचे स्मारक उभारण्याचे जाहीर केले आहे. महाराजांना नेमके कुठे ठेवले होते यावर अभ्यासकांचे एकमत नाही, तेव्हा जागेचा निर्णय घाईने होऊ नये. पण स्मारक होईल तेव्हा त्यात पुतळ्याइतकाच 1666 च्या आग्र्याचा मोठा नकाशा असावा: नदी, किल्ला, हवेल्या, शहराबाहेरचे तळ. मराठीतून माहिती सांगणारे प्रशिक्षित वाटाडे असावेत, किल्ल्यापासून सुरू होणारी अर्ध्या दिवसाची पायी फेरी असावी, आणि शाळा-महाविद्यालयांच्या मुलांना दोन रात्री स्वस्तात राहता येईल असे वसतिगृह त्याच आवारात बांधावे. वसतिगृहाची तरतूद आराखड्यात पहिल्यापासून घातली, तरच ते उभे राहील.